प्रौढांसाठी लेखन कार्यशाळा: कोल्हापुरात व्याख्यानं पुष्कळ झाली, आता लिहिलेलं वाचून दाखवायला जागा हवी

रविवारपेठ

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात साहित्याचे कार्यक्रम होत नाहीत असं कुणी म्हणू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. शाहू स्मारक भवनात सतत काही ना काही चालू असतं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मग २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या सगळ्याला मी हौसेनं जाते. पण तिथं आपण समोर बसायचं, ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. चाळिशी-पन्नाशीतला माणूस घरी वहीत काहीतरी लिहितोय, त्यानं ती वही घेऊन जायचं कुठं? मुलांना शिबिरं आहेत, कॉलेजच्या पोरांना वार्षिक अंक आहे. संसार, नोकरी, दुकान सांभाळून लिहिणाऱ्याला काय आहे?

'लेखन कार्यशाळा' अशी पाटी लावलेल्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. संस्थेचं नाव घेत नाही. दिवसभरात पाठोपाठ व्याख्यानं झाली, 'प्रतिभा म्हणजे काय' इथपासून सुरुवात. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. दिवसभरात एकाही माणसानं कागदावर एक ओळ लिहिली नाही.

त्यानंतर आम्ही काही जण एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायला लागलो. दहा-बारा माणसं. प्रत्येक वेळी दोघांचं लिखाण घ्यायचं. ते आधी सगळ्यांना पाठवायचं, लिहिणाऱ्यानं स्वतः मोठ्यानं वाचायचं, आणि मग बाकीच्यांनी बोलायचं. एवढंच. पण त्यातून काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते (त्या ताईंची परवानगी घेतली आहे).

ताईंनी उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर, चटणी कुटून आणण्यावर लिहिलं होतं. पहिला खर्डा असा: उन्हाळ्याचे दिवस होते, चटणीचा खमंग वास दरवळत होता, जुन्या आठवणी दाटून आल्या. वाचून झालं. एकानं विचारलं, "ताई, डंकावर खमंग वास येतो की ठसका लागतो?" सगळे हसले, ताईही हसल्या, आणि बोलायला लागल्या. डंकवाल्याच्या तोंडाला बांधलेला ओला रुमाल. भाजलेला मसाला कधी घालायचा, लसूण आणि मीठ कधी. आणि मुख्य म्हणजे आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळू नये म्हणून तिथंच ठाण मांडून बसायचं, कितीही वेळ लागो. त्या बसण्यात त्यांच्या जावेनं त्यांना माहेरची एक गोष्ट सांगितली होती, जी घरात कधीच सांगता आली नसती. ही गोष्ट पहिल्या खर्ड्यात नव्हतीच!

पुढच्या वेळचा खर्डा या वाक्यानं सुरू झाला: "आपली मिरची डोळ्यांसमोरून हलू द्यायची नाही, असं सासूबाईंनी दोघींना बजावून पाठवलं होतं." खोलीतलं प्रत्येक माणूस कागदावर पुढं वाकलं.

हे काम व्याख्यानानं होणार नाही. एक प्रश्न विचारणारं माणूस समोर लागतं, आणि त्या प्रश्नासाठी वेळ लागतो. असे गट शहरात आणखी व्हावेत असं मला मनापासून वाटतं. कुणाचा अनुभव असेल, अडचणी असतील, विरोध असेल तर तोही लिहा.

---

शिरोलीकर

ताई, धागा काढला ते झकास केलं. मी फौंड्रीत आहे, फेटलिंगला. मोबाईलवर लिहितो, बसमध्ये. कुणाला दाखवलेलं नाही. दाखवायचं कुणाला? शॉपमध्ये दाखवलं तर "काय भावा, लेखक झालास व्हय" म्हणतील.

पण तुमचं डंकाचं वाचल्यावर वाटलं, हे आमच्याच कामासारखं आहे. साच्यातून कास्टिंग बाहेर येतं ते रनर-रायझर, कडेचे पापुद्रे सगळं घेऊनच. ते तोडायचं, ग्राइंडर मारायचा, तेव्हा खरा पार्ट दिसतो. आणि जास्त मारला तर पार्ट रिजेक्ट.

अडचण दोन. एक, आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी आणि तुमचे सगळे कार्यक्रम रविवारी. दोन, मी बोलतो तसंच लिहितो. ते चालतं का? का आधी शुद्ध लिहायला शिकायचं?

---

गारगोटीचे_मास्तर

धागाकर्त्या ताईंची तळमळ पोचली. तरीही माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

लेखन शिकवता येत नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवली आहे. निबंध शिकवता येतो, व्याकरण शिकवता येतं. पण गोष्ट दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याच जिल्ह्यात बघा. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. यांनी कुठल्या कार्यशाळा केल्या? त्यांनी माणसं ऐकली, मळ्यात राबले, आणि वाचन अफाट केलं. आजचे हौशी लेखक वाचत नाहीत, हे खरं दुखणं आहे. महिन्याला एक पुस्तक वाचून न होणाऱ्या माणसाला कार्यशाळेत बसवून काय साधणार?

दुसरी भीती अशी. दहा जणांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करत गेलं की लिखाणाचे कोपरे जातात. सगळ्यांचं लिखाण एकाच वळणाचं होतं. गावाकडचा माणूस शहरी गटात बसला की आधी त्याची भाषा धुतली जाते. शिरोलीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच ही भीती आहे. जसं बोलता तसंच लिहा.

---

कसबा_बावडा

मास्तर, तुम्ही मांडलेल्या दोन्ही शंका अगदी रास्त आहेत आणि त्या जगभर घेतल्या गेल्या आहेत. या विषयावर मी थोडं वाचलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखन कार्यशाळा सुरू झाली. तिथून एक पद्धत सगळीकडे पसरली. गट बोलतो, आणि ज्याचं लिखाण आहे त्यानं तोवर गप्प बसायचं. यामागचा विचार चांगला आहे. पुस्तक छापून वाचकाच्या हातात गेलं की लेखक शेजारी बसून "मला असं म्हणायचं होतं" असं सांगू शकत नाही, तेव्हा कागदावर काय उतरलंय ते आत्ताच कळू दे. पण त्याचा त्रासही झाला. गटात ज्यांची संख्या जास्त, त्यांचीच आवड हा नियम बनतो. ज्याचं जगणं बाकीच्यांना ठाऊक नाही त्याला आपलं बरोबर कसं ते सांगायचीही सोय नाही. मास्तरांनी म्हटलेलं 'भाषा धुणं' ते हेच.

यावर तोडगा म्हणून बऱ्याच ठिकाणी लिझ लर्मन यांची पद्धत वापरतात. त्या नृत्यदिग्दर्शिका. पायऱ्या चार. आधी ऐकणाऱ्यांनी सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग लेखक स्वतः प्रश्न विचारतो, "शेवट कळला का?" वगैरे. मग ऐकणारे लेखकाला प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपवलेलं चालत नाही. म्हणजे "इतकं लांबण का लावलंय?" हा प्रश्न बाद, "या प्रसंगाला एवढी जागा द्यावी असं कशामुळे वाटलं?" हा चालेल. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही "याबद्दल मला एक मत सांगायचंय, सांगू का?" असं विचारून. लेखक नको म्हणू शकतो. ताईंच्या गटातला ठसक्याचा प्रश्न बघा. ती दुरुस्ती नव्हती, साधी विचारणा होती, आणि गोष्ट ताईंच्याच पोटातून बाहेर आली.

आता मोठ्या लेखकांबद्दल. कार्यशाळा त्यांनी केली नसेल, पण ऐकणारे त्यांच्यासमोर होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनानं महाराष्ट्र गाजवला. भरल्या मैदानात गोष्ट सांगताना कुठं माणूस हसतो, कुठं चुळबुळ करतो हे सांगणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं. आज दुपारी स्वयंपाकघरात बसून लिहिणाऱ्या बाईला तो श्रोता कुठून मिळणार? या गटांचं काम तेवढंच, श्रोता मिळवून देणं. प्रतिभा देण्याचा दावा कुणी करू नये आणि केलाच तर तिथं फी भरू नये.

---

अंबाईटँक

+१. शेवटचं वाक्य फ्लेक्सवर छापावं असं आहे.

---

रविवारपेठ

शिरोलीकर दादा, भाषेचं सांगते. आमच्याकडे एकीनं आजीच्या तोंडी "मी जातो गं बाजारला" असं लिहिलं होतं. नव्यानं आलेल्या एका सदस्यानं पेन काढून 'जातो'चं 'जाते' केलं. ते बाहेरगावचे, त्यांना ठाऊक नव्हतं की आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आजीला 'जाते' म्हणायला लावलं असतं तर आजीच गेली असती गोष्टीतून. तेव्हापासून आम्ही ठरवलं की दुसऱ्याच्या कागदावर पेन चालवायचं नाही. शंका असेल तर तोंडानं विचारायची. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी, लिखाण पक्कं झाल्यावर, ज्याला येतं त्यानं बघून द्यायचं. ते अवघड काम नाही आणि त्यासाठी कुणी लिहायचं थांबू नये.

तुम्ही बसमध्ये लिहिता ते तसंच आणा. फेटलिंगबद्दल तुम्ही वर जे चार ओळींत सांगितलंत, ते आमच्यापैकी कुणालाच लिहिता आलं नसतं.

---

ग्रंथसेवक

मी एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात काम करतो. आमच्या बाजूनं थोडं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगाव आहेत. बहुतेकांकडे निदान एक खोली आणि चार बाकं आहेत. दुपारच्या वेळी ती रिकामी असतात. संध्याकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात, तेव्हा मोठ्यानं वाचणं अवघड. त्यामुळे खोली मिळत नाही ही तक्रार मला पटत नाही. विचारायला कुणी येत नाही, हे खरं आहे. सचिवांना साधा अर्ज द्या, किती जण, कोणता वार, किती ते किती. कार्यक्रमांची नोंद ठेवायची असतेच, त्यांनाही असा उपक्रम हवाच असतो.

खर्चाचं म्हणाल तर छायाप्रती आणि चहा. याला प्रायोजक शोधू नये. प्रायोजक आला की व्यासपीठ येतं, व्यासपीठ आलं की सत्कार येतो, आणि वाचायला वेळ उरत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि मास्तर, वाचनाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे एक प्रयोग चांगला चालतोय. ज्याला गटात लिखाण आणायचं त्यानं त्याच प्रकारचं एक पुस्तक वाचनालयातून घ्यायचं आणि त्यातलं एक पान आधी वाचून दाखवायचं. कथा लिहितोय तर कथेचं. ते पान का निवडलं एवढं सांगायचं. कपाटात वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकं त्या निमित्तानं हलली.

---

प्रयाग_चिखली

आमच्या गटात घेतलेला एक सराव सांगते. कुणालाही वापरता येईल.

२०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे जो तो पुरावरच लिहीत होता. सगळ्यांचं सारखंच, निसर्गाचा कोप, पंचगंगेचं रौद्र रूप, माणुसकीचं दर्शन. खोटं कुणीच लिहीत नव्हतं, पण एकाचं काढून दुसऱ्याच्या नावावर घातलं असतं तरी चाललं असतं. मग गट चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पूर, पाणी, नदी हे शब्द वापरायचे नाहीत. घरातली एकच वस्तू घ्या जी तुम्ही वरच्या मजल्यावर नेली, किंवा न्यायची राहिली. वीस मिनिटं. लिहा.

एकानं जनावरांच्या दाव्यावर लिहिलं. रात्री गोठ्यात जाऊन कापलेलं दावं, त्याची गाठ सुटेना म्हणून विळा शोधायला गेलेला वेळ. एकीनं शिलाई मशीनवर लिहिलं, वरचं डोकं उचलून नेलं आणि पायाचा सांगाडा खाली राहिला, नंतर तो सापडला पण पायडल फिरेना. एका काकांनी राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे आकडे लिहिलेला कॅलेंडरचा कागद आणला होता. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि त्याच्या पुढचे आकडे पेन्सिलीनं, दर दोन तासांनी. त्या आकड्यांशेजारी त्यांनी दर वेळी घरात काय चाललं होतं ते लिहिलं. चहा केला. गॅसची टाकी उचलली. आईला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी वाचून झाल्यावर कुणाला बोलायचं सुचलं नाही.

नुसतं "मनापासून लिहा" म्हटल्यानं काही होत नाही. असं बंधन घातलं की माणूस आपोआप आपल्या घरात शिरतो.

---

वकीलीणबाई

सगळ्यांचं वाचलं, फार छान चाललंय. एक मुद्दा राहिला, तो मोठ्या माणसांच्या गटात सगळ्यात नाजूक असतो.

पोरं शाळेच्या सहलीवर लिहितात. चाळिशीतला माणूस लिहायला बसला की भावाभावांची वाटणी, सासर, मोडलेलं लग्न, वडिलांची दारू हे येणारच. आणि आपलं शहर केवढं? "ती अमक्याची सून ना?" हे दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत. म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट ठरवा की इथं वाचलेलं बाहेर न्यायचं नाही. छायाप्रती शेवटी लेखकाला परत. फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर पुढं पाठवायचं नाही. आणि बोलताना "तुम्ही", "तुमचा नवरा" म्हणायचं नाही, "या गोष्टीतली बाई" असं म्हणायचं, खरी घटना आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी. याचा किती आधार होतो ते बसल्याशिवाय कळत नाही.

हक्कांबद्दलही विचारतात लोक. कॉपीराइट कायदा १९५७ चा. तुम्ही लिहिलंत त्या क्षणी त्या लिखाणाचा हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. गटात कुणी वाक्य सुचवलं म्हणून त्यात त्याचा वाटा होत नाही, पण गटाचा संग्रह काढायचा झाला तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या. ओळखीत गोडीगुलाबीनं घेतलेल्या गोष्टींवरूनच पुढं वाकडं येतं.

---

गडहिंग्लजकर

सगळं कोल्हापूर शहराचंच बोलताय. आम्ही काय करायचं? संध्याकाळी साताला कार्यक्रम ठेवला की परतीच्या एसटीकडे डोळे लावून बसायचं. बायकांना तर अशक्यच. ऑनलाइन करून बघितलं, पण मोठ्यानं वाचताना मध्येच आवाज तुटतो आणि सगळी रया जाते. प्रत्येक तालुक्याला स्वतःचा गट हवा, शहराच्या गटाची शाखा नको. आमच्याकडची बोली वेगळी, कानडी मिसळलेली, ती समजणारे कान इथंच आहेत.

---

ग्रंथसेवक

गडहिंग्लजकर, पूर्ण अनुमोदन. चार माणसं असली तरी सुरू करा. आमच्याकडे सुरुवातीला तेवढीच होती. फक्त वार आणि वेळ बदलू नका, पाऊस असो, लग्नसराई असो. वार हलला की गट मोडतो.

---

गारगोटीचे_मास्तर

कसबा बावडा यांनी सविस्तर लिहिलं त्याबद्दल आभार. कथाकथनाचा मुद्दा मला मान्य. ती मैफल मी स्वतः ऐकली आहे आणि सांगणारा श्रोत्यांकडे बघून गोष्ट कशी आवळतो-सोडतो ते अजून डोळ्यांपुढं आहे.

लेखन शिकवता येत नाही, या मतावर मी ठाम आहे. पण इथं जे वर्णन आलं त्यात शिकवणं कमी आणि ऐकणं जास्त आहे, आणि ऐकायला यायला मला आवडेल. एक अट घालतो. दिवाळी अंकांत छापून येणं हे गटाचं ध्येय ठेवू नका. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे लिहिणाऱ्याची सगळी नजर त्या एका हंगामाकडे. जून-जुलैत घाईनं पाठवायचं, आणि नाही छापलं की वर्षभर पेन खाली. डंकाची गोष्ट त्या ताईंनी अंकासाठी लिहिली असती तर 'खमंग वास' तसाच राहिला असता. कुणी छापायला पाठवलं तर आनंदच आहे, पण त्याची चर्चा त्या खोलीत नको.

---

शिरोलीकर

मास्तर, तुम्ही येणार असाल तर मी नक्की येतो. माझ्या लिखाणात कारखान्यातले शब्द आहेत, लॅडल, कोअर, मोल्ड. ते बदलायचे का? बाकीच्यांना कळणार नाहीत.

---

कसबा_बावडा

एकही बदलू नका. न कळलेला शब्द मागच्या-पुढच्या कामावरून कळतो. लॅडल म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण तो ओतताना माणूस कुठं उभा राहतो आणि कशाला घाबरतो ते लिहिलंत तर मला लॅडल दिसेल. कंसात अर्थ देऊ नका, माणूस गोष्टीतून उठून शब्दकोशात जातो.

---

रविवारपेठ

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वाचनालयात आज बोलून आले. शिरोलीकर दादांची अडचण सगळ्यांना पटली, त्यामुळे सोमवारी दुपारी तीन ते पाच असा दुसरा गट सुरू करतोय, ज्यांची सुट्टी रविवारी नसते त्यांच्यासाठी. दुकानदार मंडळींनाही सोमवार बरा पडतो असं दोघांनी कळवलंय. सात-आठ जण झाले की पुरे, बाराच्या वर घेणार नाही. फी नाही, छायाप्रतींचे पैसे ज्याचे त्यानं.

वकीलीणबाईंनी सांगितलेले नियम जसेच्या तसे पहिल्या कागदावर लिहून सगळ्यांना वाचायला देणार आहोत. मास्तर, पहिल्या बैठकीला एक पान तुम्ही वाचा, कुठलं ते तुम्हीच निवडा. गडहिंग्लजकर, तुमच्याकडे सुरू करताना पहिल्या एक-दोन वेळा कुणी सोबत हवं असेल तर आमच्यातले दोघं यायला तयार आहेत, दुपारची वेळ ठेवा म्हणजे परतीची गाडी सापडेल.

शिरोलीकर दादा, पहिलं लिखाण तुमचं घेऊ. दोन पानांपेक्षा मोठं नको, आणि अक्षर जरा मोठं ठेवा, गटातल्या काहींना बारीक वाचवत नाही. शुक्रवारपर्यंत पाठवलंत तर शनिवारी प्रती काढून सगळ्यांच्या हातात देता येतील.